ग्रहणात भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो म्हणे, खरंय का?

सिडकोची_सून
सातवा महिना चालू आहे माझा. रविवारी 7 सप्टेंबर 2025 ला चंद्रग्रहण आहे ना, तर सासूबाईंचं आत्तापासूनच फर्मान निघालंय, दुपारी वेध लागले की खायचं नाही, पाण्याचा घोट नाही, विळीला हात नाही, सुईत दोरा ओवायचा नाही, नुसतं जप करत बसायचं, तेही रात्री दीडपर्यंत. नाहीतर ओठ फाटलेलं मूल होतं म्हणे, त्यांच्या माहेरी निफाडकडे कोणाचं तरी झालेलं. नवरा म्हणतो एका दिवसाचा तर प्रश्न आहे, ऐक की. अरे मग तू राहा ना उपाशी! भांडण नकोय मला, पण आधीच अ‍ॅसिडिटी, पाण्याशिवाय कसं काढू?

रिटायर्ड_सिस्टर
पोरी, पाणी अजिबात सोडायचं नाही, बाकीचं नंतर. बाळाचा वरचा ओठ गर्भाच्या साधारण 4 ते 7 आठवड्यांत जुळतो, टाळू नवव्यापर्यंत. बऱ्याच जणींना तोवर दिवस गेलेत हेसुद्धा नीट कळलेलं नसतं. सातव्या महिन्यात तू अख्खा फणस चिरलास तरी जुळलेला ओठ काही उसवत नाही. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ओठ बघतात, डॉक्टरांना सासूबाईंसमोरच विचार. कारणं म्हणशील तर घराण्यातून येतं, आईचं सिगारेट ओढणं, डायबेटिस, फिटच्या काही गोळ्या, बऱ्याचदा कारण सापडतच नाही.

पंचवटीकर
सगळं थोतांड म्हणू नका, पूर्वजांनी विचार करूनच ठेवलंय, ग्रहणात घातक किरण असतात.

टेरेसवरचा_तारकरी
@पंचवटीकर कुठले किरण दादा? चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते एवढंच, आणि रात्र म्हणजे तरी काय, आपण रोज त्याच सावलीत तर झोपतो. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघू नये हे मात्र बरोबर. चंद्रग्रहण खुशाल बघा, 11 च्या सुमारास पूर्ण झाकला जाईल, तांबूस दिसतो. ढग नसले तर, नाशकात भाद्रपदात काय सांगावं.

मावशीची_भाची
माझ्या मावसभावाचा ओठ तसा होता. ऑपरेशन झालं, आता मिशीत दिसतही नाही. पण मावशीला वीस वर्षं ऐकवलं, तूच ग्रहणात काहीतरी कापलं असशील. ती आठवून आठवून सांगायची की नाही कापलं हो. पुढे पुढे तिलाच वाटायला लागलं की कापलं असेल. ताई, तू पाळ किंवा नको पाळूस, पण उद्या दुसऱ्या कोणाचं मूल तसं झालं तर त्या बाईला हे ऐकवू नका.

गंगापूर_रोडचे_काका
सूनबाई, सासूशी शास्त्राने नको, पंचांगानेच बोला. लहान मुलं, म्हातारे, आजारी आणि गरोदर बायका यांना वेधात सूट असते, घरातलंच पंचांग उघडून दाखवा. आमच्या हिने ती ओळ वाचली तेव्हा कुठे माझी बीपीची गोळी ग्रहणात चालू झाली. नाहीतर फ्रीजमधल्या दह्यावर तुळशीपत्र आणि मी कोरडा.

लहानपणी ग्रहण सुटताना गल्लीत ‘दे दान सुटे गिरान’ ओरडत यायचे, मग सगळे रामकुंडावर आंघोळीला. ती गंमत मात्र होती हो.

सिडकोची_सून
काका, तुमचीच मात्रा चालली! पंचांगातली ओळ दोनदा वाचली त्यांनी, चष्मा पुसून. पाणी, दूध, संध्याकाळपर्यंत जेवण मंजूर. सोनोग्राफीचा रिपोर्टही बघितला, काही बोलल्या नाहीत. विळी मात्र आजच माळ्यावर टाकलीये, रविवारपर्यंत स्वयंपाक नवऱ्याकडे.