एचेव्हेरियावर पांढरा कापूस, नीम तेल मारूनही परत येतोय: पिठ्या ढेकूणच ना?

पूर्वेची_गॅलरी

पुणे, चौथा मजला, पूर्वेकडची गॅलरी, साधारण ३० कुंड्या, सकाळी अकरापर्यंत ऊन. दोन एचेव्हेरियांच्या (जाड, रसाळ पानांची सक्युलंट; खालची जेड आणि हॉवर्थियाही त्यातलीच) गाभ्यात आणि पानांच्या बेचक्यात कापसाचे पुंजके आहेत. कुंडीच्या कडेने मुंग्यांची रांग. लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि थोडा भांड्यांचा साबण असं दोनदा फवारलं, पंधरा दिवसांच्या अंतराने. कापूस गेला नि परत आला. वर पानांची निळसर पांढरी झाक गेली, आता तेलकट हिरवी दिसतात. शेजारच्या जेडच्या पानांवरही बारीक पांढरे ठिपके आहेत. हॉवर्थियावर वरून काहीच दिसत नाही, पण ती मलूल आहे आणि कुंडीत डुगडुगते.

हे सगळं एकाच किडीचं काम आहे का? औषध कोणतं आणि किती? कृपया मापासकट सांगा, ‘थोडंसं’ नको.

मुरूम_माती

‘थोडा साबण’ तुम्हीच लिहिलंय :) असो. साबण २ मिलीच्या वर नको.

एक कीड नाही, तीन वेगळी प्रकरणं दिसतायत.

एचेव्हेरियावरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. टूथपिकने एक पुंजका उचलून पांढऱ्या कागदावर दाबा. ओलसर पिवळट डाग पडला तर कीड. (फड्या निवडुंगावरच्या अशाच कापसातून गडद लाल रंग निघाला तर ती कोचिनील, तिची गोष्ट वेगळी.) पानांवरची निळसर झाक ही कीड नाही, तो झाडाचा स्वतःचा मेणाचा थर आहे. सगळीकडे सारखा पसरलेला असतो आणि बोट लागलं की ठसा उमटतो. तो तुमच्या तेलाने गेला. त्या पानांवर परत येणार नाही, नवीन पानांवरच दिसेल. एचेव्हेरिया आणि ग्रॅप्टोपेटॅलमवर तेलाची फवारणी टाळायची ती यासाठीच.

जेडवरचे ठिपके ओल्या फडक्याने पुसून बघा. गेले तर ते क्षार आहेत. जेडच्या पानांवर बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी बाहेर येतं आणि वाळल्यावर क्षार उरतात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर जास्तच. पुसून गेले नाहीत, आणि नखाने खरवडल्यावर टोपीसारखं कवच निघालं, तर खवले कीड.

हॉवर्थिया कुंडीतून काढून बघितल्याशिवाय तिच्यावर काही फवारू नका.

गच्चीवरचा_कोरफड

फसतं ते वेळापत्रकामुळे, औषध बिचारं ठीक असतं. मादी त्या कापसाच्या पिशवीत तीनशेच्या वर अंडी घालते. पिशवी मेणकट, त्यामुळे औषध आत पोचत नाही. उबेत आठ-दहा दिवसांत पिल्लं फुटतात आणि चालत नव्या बेचक्यात जाऊन बसतात. पंधरा दिवसांनी फवारलंत तेव्हा मधली फळी मोठी होऊन तिच्यावर मेण चढलेलं होतं. दर सातव्या दिवशी, सलग चार वेळा. तिसऱ्या वेळी काही दिसलं नाही तरी चौथी चुकवायची नाही.

पहिली पायरी स्पिरिटची. मेडिकलमधून घेताना लेबलवर आयसोप्रोपिल अल्कोहोल ७०% आहे ना ते बघा. ९९ टक्केवालं लगेच उडून जातं, मेण विरघळायला वेळ मिळत नाही. जेल सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन पानावर चिकटून बसतं. इअरबड बुडवून, निथळून, फक्त किडीवर टेकवा, पानभर पुसू नका. काम संध्याकाळी करा, आणि पुढचे दोन दिवस कुंडी सावलीत. नवीन जातीवर आधी एकाच खालच्या पानावर लावून ४८ तास थांबा. फुलाचा दांडा असेल तर सरळ कापून टाका, कीड तिथेच दडलेली असते.

इअरबड पोचत नाही अशा गाभ्यासाठी आंतरप्रवाही (झाडात भिनून रसातून किडीपर्यंत पोचणारं) औषध: इमिडाक्लोप्रिड १७.८% एसएल, ०.३ मिली प्रति लिटर. हे माप डोळ्यांनी होत नाही, १ मिलीची सिरिंज घ्या. फवारू नका, मुळाशी ओता, ४ इंची कुंडीला साधारण १०० मिली. हातमोजे हवेतच. खालचा निचरा तुळस, पुदिना, कढीपत्त्याच्या कुंडीत जाता कामा नये. फुलं असलेल्या झाडाला देऊ नका, मधमाश्यांना घातक आहे. आणि झाड पाणी ओढत असेल तरच औषध वर चढतं. एप्रिल-मेमध्ये वाढ थांबलेल्या एचेव्हेरियाला दिलं तर ते मातीतच राहतं आणि मुळं सडतात ती वेगळीच.

सायलीची_पानं

वरच्यात भर. पुष्कळ जण इमिडाक्लोप्रिडचा गुण आला नाही की थायोमेथोक्झाम आणतात आणि औषध बदललं म्हणतात. दोन्ही एकाच गटातली, किडीवर घाव घालायची जागा तीच. बदलायचं तर बुप्रोफेझिन २५% एससी, १ ते १.५ मिली प्रति लिटर. द्राक्षवाल्यांकडे हे नेहमी असतं, कृषी सेवा केंद्रात मिळेल. ते मोठ्या किडीला मारत नाही, पिल्लांची कात अडवते, म्हणून आधी स्पिरिटने माद्या काढायच्या. दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले म्हणून माप वाढवू नका. मॅलॅथिऑन कोणी सुचवलं तरी घेऊ नका, जेड आणि तिच्या कुळातली झाडं त्याने भाजतात.

मुंग्यांचं आधी बघा. त्या किडीच्या चिकट गोड स्रावासाठी येतात आणि त्या बदल्यात तिला सांभाळतात, शत्रू किड्यांना हुसकावतात. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून बाटलीच्या झाकणात कापसावर ठेवा. कॅरमची पावडर हल्ली बोरिकच असेल असं नाही, लेबल वाचा. प्रमाण वाढवलं तर मुंग्या वाटेतच मरतात, वारुळापर्यंत काही जात नाही. मुलं, मांजर पोचणार नाही अशी जागा शोधा.

पूर्वेची_गॅलरी

जेडचे ठिपके पुसून गेले, क्षारच होते. हॉवर्थिया काढली: कुंडीच्या आतल्या भिंतीला पांढरी पावडर लागलीय आणि मुळांवर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी आहे. पण मातीत परलाइटही (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे खडे) घातलेलं आहे, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. मुळं अर्धी पोकळ, वास नाही.

मुरूम_माती

परलाइट दाबलं की कुरकुरतं, कीड चिरडते. वास नाही आणि मुळं लिबलिबीत नाहीत, म्हणजे सड नाही. भिंतीवरची पावडर सांगते की मुळांवरचा पिठ्या ढेकूण आहे. हा वरून सहसा दिसत नाही. एकाच ट्रेमध्ये कुंड्या असतील तर निचऱ्याच्या पाण्यातून शेजारी जातो, म्हणून त्या ट्रेमधल्या सगळ्या कुंड्या काढून तपासा.

माती पूर्ण झटका, नळाखाली मुळं धुवा, पोकळ मुळं कात्रीने छाटा. मग वरच्याच मापाच्या इमिडाक्लोप्रिडच्या पाण्यात मुळं २० मिनिटं बुडवा, गाभा कोरडा ठेवून. चार दिवस सावलीत वर्तमानपत्रावर आडवी ठेवा, जखमा सुकू द्या. जुनी माती कंपोस्टमध्ये नको, पिशवी बांधून कचऱ्यात. कुंडी उकळत्या पाण्याने धुवा, प्लॅस्टिकची असेल तर साबणाने घासून उन्हात. भरताना मिश्रण कोरडंच, आणि पहिलं पाणी सात दिवसांनी.

गच्चीवरचा_कोरफड

ट्रेमधल्या कुंड्या तपासताना पानांखाली बारीक जाळी किंवा तपकिरी खरखरीत चट्टे दिसले तर थांबा. पान कागदावर झटका, धुळीएवढे ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. तो कीटक नाही, इमिडाक्लोप्रिडने मरत नाही, कधीकधी उलट वाढतो. पाण्यात विरघळणारं गंधक ८०%, २ ग्रॅम प्रति लिटर, तेही पारा ३२ च्या खाली असताना. तेल मारलेल्या एचेव्हेरियांवर आत्ता गंधक नको, तेल आणि गंधकात किमान तीन आठवडे जाऊ द्या.