फार्न्सवर्थ हाउस: वास्तू थोर, पण जागा चुकलीच

नदीकाठचा:
वास्तुरचनाकार मीस व्हान डेर रोहेने अमेरिकेत शिकागोपासून काही अंतरावर, प्लेनोला, डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी सुट्टीचं घर बांधलं. १९५१ मध्ये ते पूर्ण झालं. आठ पोलादी खांब, चारही बाजूंनी काच, आत एकच मोठी खोली. शेजारी फॉक्स नदी. नदी चढते हे ठाऊक होतं, म्हणून तर घराची जमीन सव्वापाच फूट उचलली! तरी १९५४ मध्येच घरात चारेक फूट पाणी. १९९६ मध्ये काचा फुटल्या, २००८ मध्ये पुन्हा पूर. त्याच आवारात मागे चढावर जागा होती. आपल्या पुण्यातल्या एकतानगरीत जुलै २०२४ मध्ये पुराने काय झालं ते पाहिलेल्या कुणालाही हा हट्ट पटणार नाही.

काटकोन:
साफ असहमत. चढावर नेलं तर त्या घरात उरतं काय? ट्रॅव्हर्टाइन दगडाची फरशी आतून ओट्यावर तशीच चालत जाते, खाली दुसरा ओटा गवतावर तरंगतो, पुढे झाडं आणि पाणी. आणि एकतानगरीशी तुलना अन्यायाची आहे. आपण नदीपात्रात राडारोडा टाकून भराव करतो. मीसने पाण्याला खालून जायला वाट ठेवली. पुण्यातल्या किती बिल्डरांनी एवढं केलंय?

वाडेकरी:
पुराचं सोडा, राहायचं कसं ते सांगा. उघडणाऱ्या खिडक्या दोनच, त्याही एका टोकाला, खाली. उन्हाळ्यात आत उकाडा, थंडीत काचांवरून पाणी ओघळणार. खर्चावरून मीस आणि फार्न्सवर्थबाई कोर्टात गेले. पैसे बाईंचे आणि पडदा ओढायचीही चोरी, याला घर म्हणायचं?

काटकोन:
वाडेकरी, त्याच बाईंनी ते १९७२ पर्यंत स्वतःकडे ठेवलं. विकलं ते वीस वर्षांनी.

नदीकाठचा:
काटकोन, भरावाचं बोललात ते शंभर टक्के खरं. पण पाण्याला वाट ठेवली आणि उंची कमी पडली, तर नुकसान तेच. आपल्याकडे नदीकाठची लाल पूररेषा शंभर वर्षांतल्या पुरावरून आखतात, आणि ज्यांच्या घरात १९६१ ला पानशेत धरण फुटून पाणी शिरलं त्यांना तीही पुरेशी वाटत नाही. फार्न्सवर्थ हाउसखाली हायड्रॉलिक जॅक बसवून पुराच्या वेळी ते वर उचलायचा प्रस्ताव पुढे आला होता. एवढी यंत्रं बसवण्यापेक्षा घर सुटं करून चढावर न्या, असंच माझं मत आहे.

काटकोन:
मग जॅकच बसवा. नदी सोडून ते घर मला नको.