बहिणीची पाळी फार दुखते, सोनोग्राफी नॉर्मल आहे. सोलापुरात पुढं कुणाला दाखवू?

जुळेकर_ताई
नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. वय २३, लग्न झालेलं नाही, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला बसते. कॉलेजात असेपर्यंत पाळीचा फारसा त्रास नव्हता, गेल्या तीन वर्षांत वाढत चाललाय. आता महिन्याला एक रजा ठरलेलीच. सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, लग्न झालं की थांबेल. आईला हे लगेच पटलं, कारण ती स्थळं बघतेच आहे! मला पटत नाहीये. इथं कुणाला दाखवू की सरळ पुण्याला नेऊ?

सुईदोरा
ओवा-गूळ उकळून द्या, पोट शेका. आमच्या घरात सगळ्यांचंच दुखायचं, कुणी मेलं नाही.

कडकभाकरी
शेकाचं बरोबर आहे, गरम पिशवीनं खरंच आराम पडतो. पण "कुणी मेलं नाही" हे मी आठ वर्षं ऐकलंय, त्यामुळं जरा लांबण लावते.

ताई, डॉक्टर शोधायच्या आधी बहिणीला दोन गोष्टी विचारा. दुखणं अंगावर जायला लागल्यावर सुरू होतं की दोन-तीन दिवस आधीच? आणि त्या दिवसांत शी करताना दुखतं का?

साधं दुखणं म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात, पिशवी जोरानं आवळते, रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळा येतात. मळमळ, जुलाब हेही त्यातूनच. ते बहुधा पाळी सुरू झाल्यापासून वर्षभरात मागं लागतं, रक्तस्राव सुरू होताना येतं आणि एक ते तीन दिवसांत जातं. वय वाढलं की बऱ्याचजणींचं कमी होतं, "लग्नानंतर थांबतं" हे बहुतेक त्यातूनच आलं असणार. तुमच्या बहिणीचं उलटं आहे: आधी ठीक होतं, मग सुरू झालं, आता वाढतंय. असं असलं की पोटात दुसरं काही आहे का ते बघावं लागतं.

माझं एंडोमेट्रिऑसिस निघालं. पिशवीच्या अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर, अंडाशयावर, आतड्याजवळ वाढतात, म्हणून शी करतानाचं विचारलं. दहातल्या एकीला तरी असतं म्हणे, पण कळायला वर्षं जातात. माझ्याही दोन सोनोग्राफ्या "नॉर्मल" होत्या! अंडाशयात चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्तानं भरलेली गाठ) झाली असेल तर ती दिसते, त्या पेशींचे बारीक डाग दिसत नाहीत. म्हणजे नॉर्मल रिपोर्टचा अर्थ "काही नाही" असा होत नाही. मला हे कुणी सांगितलंच नाही. पहिल्या ठिकाणी तर पाळीबद्दल एक प्रश्न न विचारता चिठ्ठी लिहून दिली होती. (नाव इथं टाकत नाही, विचारू नका.)

बाळीवेस_मेडिकल
दुकानदार म्हणून एवढंच. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी आमच्याकडं बायका चण्यासारख्या नेतात. ती प्रोस्टाग्लँडिन कमी करते, म्हणून दुखणं सुरू होतानाच घ्यावी, कळा शिगेला गेल्यावर नाही. आणि जेवणानंतर. अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगानं या गोळीबद्दल इशाराही दिलाय: अंगावर पुरळ, ताप, गाठी आल्या तर गोळी बंद करून लगेच डॉक्टरकडं. दोन-तीन पाळ्या वेळेवर गोळी घेऊनही फरक नसेल, तर दुकानात येऊन स्ट्राँग गोळी मागू नका, तपासणी करा.

पूर्वभागची
माझी आई विड्या वळते. तिचं दुखणं चाळिशीत सुरू झालं, रक्तही लै जायचं. आम्हाला वाटलं बसून बसून होतंय. तिचं ॲडिनोमायोसिस निघालं, म्हणजे अस्तर पिशवीच्या भिंतीतच शिरलेलं, पिशवी मोठी झालेली. सोनोग्राफीत दिसलं. हिमोग्लोबिन सात होतं, ते सिव्हिलमध्ये आधी वर आणलं. शेजारच्या काकूंच्या फायब्रॉइडच्या गाठी होत्या, दुसऱ्या एकीचं तांबी बसवल्यावर वाढलं. दुखणं एक, कारणं वेगळी की.

जुळेकर_ताई
विचारलं. दोन दिवस आधीपासून दुखतं. दुसऱ्या प्रश्नावर गप्प बसली, मग म्हणाली, तुला कुणी सांगितलं? कडकभाकरी, आता दुर्बीण घालून पोटात बघायचं ऑपरेशन करावं लागेल का? आणि आतून सोनोग्राफी म्हणतात ती लग्नाआधी कशी करणार? आई तर ऐकूनच उठून गेली.

कडकभाकरी
आतली सोनोग्राफी जास्त स्पष्ट असते, पण शरीरसंबंध आलेला नसेल तर सहसा करत नाहीत. तिला स्वतःला नको असेल तरी नाही. पोटावरून होते, त्यासाठी लघवी तुंबवून जायचं. शंका राहिली तर एमआरआय. सीए-१२५ ही रक्ततपासणी यासाठी कुणी सांगितली तर का ते विचारा, ती इतर कारणांनीही वाढते, नॉर्मल आली तरी आजार नाही असं ठरत नाही.

दुर्बिणीला घाबरू नका, पहिल्याच दिवशी ती करत नाहीत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसारही आधी लक्षणं आणि तपासणीवरून अंदाज बांधून औषध सुरू करता येतं. मला डायनोजेस्ट ही हॉर्मोनची गोळी दिली होती, काहींना गर्भनिरोधक गोळ्या देतात. "लग्नाआधी त्या गोळ्या?" हे घरात होणारच, तयारीनं जा. आमच्याकडं तर कडक भाकरीपेक्षा कडक झालं होतं.

पुण्याची घाई नको. सिव्हिलला स्त्रीरोग विभाग आहे, शासकीय मेडिकल कॉलेजचंच रुग्णालय आहे ते, तिथून सुरुवात करा. गर्दी असते, सकाळीच जा. खासगी हवं असेल तर दुर्बिणीचा सराव असलेली स्त्रीरोगतज्ज्ञ बघा, एंडोमेट्रिऑसिसचे किती पेशंट बघता असं तोंडावर विचारा.

बाळीवेस_मेडिकल
एक राहिलं. अचानक एका बाजूला असह्य दुखलं, चक्कर आली, ताप आला किंवा पाळी चुकून मग दुखलं, तर ओपीडीची वाट बघू नका, इमर्जन्सीत न्या.

जुळेकर_ताई
मंगळवारी सिव्हिलला जातोय. वहीत तारखा लिहायला लावल्यात: दुखणं कधी सुरू, किती पॅड, कुठली गोळी. आई म्हणते, मीपण येते, पण ती स्थळांचं आत काढणार नाही असं कबूल करून घेतलंय.

कडकभाकरी
सोनोग्राफीचा नुसता कागद नको, फिल्मपण न्या. माझी पहिल्यांदा घरी राहिली होती, दोन तास रांगेत उभं राहून परत आलो.