शहराची मॅरेथॉन पूर्व भागातून जावी की नको? तुमचं मत सांगा

पहाटेचा धावक

थंडी पडली की सोलापुरात पार्क चौकात आणि संभाजी तलावाकाठी पळणाऱ्यांची गर्दी वाढते, आणि शहराच्या दौडीच्या मार्गाचा विषय निघतो. त्यात येणारे रस्ते ठरलेले: सात रस्ता, विजापूर रोड, होटगी रोड, फार तर आसरा. माझं म्हणणं सरळ आहे. जी दौड पूर्व भागातले कन्ना चौक, साखर पेठ, अशोक चौक न बघता संपते, तिला सोलापूरची मॅरेथॉन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

न्यूयॉर्कचं बघा. 1970 साली तिथली पहिली मॅरेथॉन सेंट्रल पार्क या बागेतल्या बागेत फेऱ्या मारून झाली. 127 जण सुटले, 55 जणांनी पूर्ण केली. पुढची काही वर्षंही ती बागेतच होती. 1976 मध्ये शहराच्या पाचही विभागांतून नेली आणि मग अख्खं शहर रस्त्याच्या कडेला येऊन उभं राहिलं. तिथे धावून आलेल्या ब्रिटिश धावपटू ख्रिस ब्रॅशरने परत जाऊन सोबत्याच्या मदतीने 1981 मध्ये लंडनची मॅरेथॉन सुरू केली. पुण्याची 1983 पासून आहे, मुंबईची 2004 पासून. आपण मागून आलो, तर निदान मार्ग तरी आपल्या शहराचा असू दे.

मी पूर्व भागात वाढलो. वडील लूमवर रात्रपाळीला असायचे. सकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर सुताची लव बसलेली असायची. गेल्या जानेवारीत एकटाच जोडबसवण्णा चौकातून साखर पेठेकडे पळत होतो. एका कारखान्याच्या दारात पाळी सुटलेले दोघे-तिघे चहा पीत उभे होते. त्यातल्या एकाने विचारलं, "एमन्ना (काय दादा), भरतीची तयारी का?" म्हटलं, नाही, मॅरेथॉनची. तो म्हणाला, "ती तिकडं असते न्हवं, पार्काकडं." वडिलांच्या वयाचा माणूस होता. तेव्हापासून हे "तिकडं" डोक्यातून जात नाही.

होटगी रोड

मालक, भावना पोचली. पण मॅरेथॉन भावनेवर आखत नाहीत, ती मोजून आखतात. प्रमाणित मार्ग कसा मोजतात ते सांगतो. सायकलच्या पुढच्या चाकाला मोजयंत्र बसवतात. आधी स्टीलच्या टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर ती सायकल चालवून चाकाचा हिशोब काढतात. मग मार्गावर वळणाच्या आतल्या कडेपासून 30 सेंटिमीटरवरून, म्हणजे धावणारा ज्या सर्वांत जवळच्या वाटेने जाऊ शकेल त्या वाटेने, ती नेतात. अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला 1 मीटर जास्तीचा धरतात. आता सांगा, साखर पेठेत जिथे पायरी रस्त्यावर, गाडी पायरीवर आणि हातगाडी गाडीच्या पुढे, तिथे ही कड धरायची कुठे? आज मोजलेलं उद्या तसं राहतं का?

आणि पायाखालचं बोला. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा घोटा तिकडेच चेंबरच्या झाकणावर मुरगळला, दोन महिने घरी बसला. चार महिने घाम गाळून माणूस वेळ कमी करायला येतो. त्याला रुंद, सपाट, सरळ रस्ता द्यायचा सोडून गल्ल्यांत कशाला घालायचं?

जाता जाता, 3 किलोमीटरच्या फेरीला मॅरेथॉन म्हणणं बंद करा. मॅरेथॉन म्हणजे 42.195. हा आकडा 1908 च्या लंडन ऑलिंपिकात विंडसर किल्ल्यापासून राजघराण्याच्या आसनापर्यंतच्या अंतरामुळे आला आणि 1921 मध्ये कायम झाला.

पहाटेचा धावक

नावाबद्दल एकमत. मोजणीबद्दल नाही. बोस्टनची मॅरेथॉन 1897 पासून चालू आहे. तिचा मार्ग उताराचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंतचा, त्यामुळे तिथली वेळ विश्वविक्रमाला चालत नाही. 2011 मध्ये जेफ्री मुताई तिथे 2 तास 3 मिनिटं 2 सेकंदांत धावला. तोवर इतक्या कमी वेळात मॅरेथॉन कुणी धावलं नव्हतं, तरी विक्रम धरला नाही. म्हणून बोस्टनने मार्ग सोडला नाही, आणि लोकांनी बोस्टनला जाणं सोडलं नाही. चेंबरची झाकणं मात्र बसवून घ्यायलाच हवीत, दौड असो वा नसो. त्यावरून आमची पोरं रोज शाळेत जातात.

विडी घरकुलची

दादा, तुम्ही आमच्याच भागातले, तरी मी विरोधात लिहिते.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते रविवारी पहाटे आलं तर काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ड्रम, घागरी, कळश्या, लेकरांचे तांबेसुद्धा रांगेला. अर्धा संसार रस्त्यावर मांडलेला असतो. त्यातून तुम्ही दोरी बांधून वाट काढणार आणि सकाळी सकाळी शिट्टी वाजवत "बाजूला व्हा" म्हणणार.

आई विड्या वळते. मांडीवर सूप, शेजारी भिजवलेली पानं, हातात कात्री. बोलताना, रागावताना, सीरियल बघतानाही तिची बोटं थांबत नाहीत. हजार विड्या झाल्या की दिवस भरला. तुमच्या दौडीची फी तिच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी आहे. म्हणजे मार्ग आमच्या दारावरून, पळणारे होटगी रोडचे आणि टाळ्या आमच्या. हेच ना?

बोस्टनचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगते. तिथे बायकांना रीतसर धावायला मिळालं ते 1972 मध्ये. 1967 मध्ये कॅथरीन स्विट्झर नंबर लावून धावली, तर एका अधिकाऱ्याने रस्त्यातच तिला धरून ओढायला बघितलं. 1897 पासून 1972 पर्यंत 75 वर्षं बायकांच्या दारावरून ती दौड जात होती. दारावरून गेली म्हणजे आपली झाली, असं नसतं.

गड्ड्याचा भक्त

माझा धावक दादांना पाठिंबा. रस्ते अरुंद, बंदोबस्त जमत नाही, हे मला पटत नाही. दर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज 68 लिंगांना तेलाचा अभिषेक करायला निघतात. खांद्यावर एवढी उंच जड काठी, अंगात बाराबंदी, आणि वाट जुन्या पेठांतूनच जाते. ती काठी वळवायला किती जागा लागते ते एकदा जवळून बघा. वाटेतल्या घरांपुढे सडा-रांगोळ्या पडलेल्या असतात. ज्या शहराला हे पिढ्यान्‌पिढ्या जमतं, त्याला दोन तासांची दौड जमत नाही?

फक्त त्या आठवड्यात दौड ठेवू नका. 12 जानेवारीला चार हुतात्म्यांचा दिवस. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 1931 मध्ये त्या दिवशी येरवड्यात फाशी दिली. त्याला लागूनच यात्रा. पोलिसांना श्वास घ्यायला वेळ नसतो.

होटगी रोड

काका, नंदीध्वज चालत जातात आणि लोक आपणहून बाजूला होतात, कारण ती श्रद्धा आहे. छातीवर नंबर लावलेल्या माणसासाठी लोक तसे बाजूला होणार नाहीत, आणि का व्हावेत? ताई म्हणतायत तेच मी वेगळ्या शब्दांत म्हणतोय. मधला मार्ग सुचवतो: हाफ मॅरेथॉन रुंद रस्त्यावर, 10 किलोमीटर पूर्व भागातून.

रात्रपाळीची डॉक्टर

विरोध नाही, दोन अटी. दर किलोमीटरला एक तरी जागा अशी हवी जिथून रुग्णवाहिका आडवी पार होईल, आणि तिथला स्वयंसेवक धावणाऱ्याला थांबवायला कचरणारा नसावा. दुसरं, फेब्रुवारी सरत आला की आपल्याकडे आठ वाजताच ऊन लागायला लागतं. हाफचा शेवटचा माणूस तोवर आत आलेला असला पाहिजे. मग मार्ग कुठलाही घ्या.

पहाटेचा धावक

डॉक्टर, दोन्ही अटी मान्य. होटगी रोड, मधला मार्ग मान्य नाही. मोठी दौड तिकडे आणि छोटी इकडे, म्हणजे परत "ती तिकडं असते" हेच झालं.

ताई, तुमचं वाचून काल रात्री झोप लागली नाही. मी वडिलांच्या भुवयांवरची लव सांगितली, पण आईला पाण्यासाठी किती वाजता उठावं लागायचं ते लिहिलंच नाही. तुम्ही लिहिल्यावर आठवलं. मार्गाचा हट्ट मी सोडत नाही, पण क्रम बदलतो. मार्ग ज्या वस्त्यांतून जाईल तिथल्यांना फी नाही, आणि त्यांची नावं आधी घ्यायची, बाकीच्यांची नंतर. वेळ तिथल्या बायकांना विचारून ठरवायची. हे तीन झालं नाही तर पूर्व भागाच्या मार्गाला माझाही विरोध राहील, आणि तसं आयोजकांना मी लेखी कळवणार आहे.

या रविवारी पहाटे साडेपाचला कन्ना चौकातून सायकलवर निघतोय. अशोक चौक, जोडबसवण्णा, साखर पेठ, परत कन्ना. चेंबर, गतिरोधक, सगळं वहीत उतरवणार. होटगी रोड, तुम्हीच या. कड कुठे धरायची ते तुम्हाला कळतं.

होटगी रोड

येतो. टेप माझ्याकडे आहे, 50 मीटरची. मत बदललेलं नाही.

विडी घरकुलची

रविवारी नको. या खेपेला त्या बाजूला पाणी रविवारीच आहे, मावशी तिथेच राहते. सोमवारी या. आणि साखर पेठेतून नुसते पुढे जाऊ नका, तिच्या दारात पाच मिनिटं थांबा. रस्ता किती वाजता मोकळा असतो ते तिला घड्याळ न बघता सांगता येतं.