मीटियर टी.7: डाउनविंडवर चाकं सोडताच नाक खाली का जायचं?

प्रश्न

रॉयल एअर फोर्सच्या (ब्रिटनच्या हवाई दलाच्या) 1950 च्या दशकातल्या ग्लॉस्टर मीटियर टी.7 या दोन इंजिनांच्या, दोन सीटच्या प्रशिक्षण जेटच्या अपघातांबद्दल वाचतोय. प्रशिक्षक आणि शिकाऊ दोघेही आत, दोन्ही इंजिनं धडधाकट, उंची 1000 फुटांच्या आसपास. उतरायच्या तयारीत, डाउनविंडवर (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने जाताना) चाकं सोडली आणि विमान थेट जमिनीत. याला ‘फँटम डाइव्ह’ म्हणत, एवढं समजलं. हा साधा स्टॉल (वेग कमी पडून पंखाची उचल जाणं) होता का? असेल तर पॉवर देऊन सावरता का आलं नाही? आणि टी.7 चंच नाव सारखं का येतं?

उत्तर 1

स्टॉल नव्हे. विमान स्टॉलच्या बऱ्याच वरच्या वेगात असायचं, 170 नॉट किंवा थोडं खाली. खरी गोम एअरब्रेकमध्ये (वेग मारण्यासाठी पंखातून उघडणाऱ्या पट्ट्यांमध्ये) आहे.

मीटियरचे एअरब्रेक पंखाच्या मधल्या भागात, धड आणि इंजिनाची नॅसेल (इंजिनाचं आवरण) यांच्यामध्ये, वर आणि खाली दोन्हीकडे उघडतात. म्हणजे ते उघडले की ढवळलेली हवा सरळ शेपटीकडे जाते. विमान सरळ उडत असेल तोवर हे खपून जातं. पण चाकांचे दोन्ही पाय एकाच वेळी बाहेर येत नाहीत, एक आधी येतो आणि एक मागून. तेवढ्या वेळात एका बाजूचा अवरोध वाढतो आणि विमान यॉ होतं, म्हणजे नाक एका बाजूला वळतं. आता तीच ढवळलेली हवा तिरकी होऊन फिन (शेपटीचा उभा पंख) आणि एलेव्हेटरवर (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या आडव्या पट्टीवर) येते. रडरचा (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या पट्टीचा) जोर जातो, यॉ वाढत जातो, पाठोपाठ नाक पडतं आणि स्टिक मागे ओढली तरी नाक वर येत नाही.

पॉवर देऊन काही साधत नाही, कारण शेपटी ज्या हवेत अडकली आहे ती हवा तशीच राहते. एअरब्रेक आत घेणं आणि यॉ मोडणं हाच उपाय. त्याला उंची लागते आणि सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या उतरण्याच्या फेरीत) तीच नसते. हिशोब करून बघा: 170 नॉट म्हणजे सेकंदाला साधारण 87 मीटर. नाक 45 अंश खाली गेलं तर 1000 फूट संपायला पाचेक सेकंद. त्यातला पहिला सेकंद-दीड सेकंद तर काय झालं हे कळण्यातच जातो.

उत्तर 2

टी.7 चं नाव का येतं, ते त्याच्या बांधणीत आहे. 1948 साली उडालेलं हे विमान मूळ एफ.4 या एका सीटच्या लढाऊ मीटियरवर बेतलेलं. दुसरी सीट बसवण्यासाठी नाक 30 इंचांनी लांबवलं आणि वर जाड चौकटींची लांबलचक कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) आली. गुरुत्वमध्याच्या पुढे बाजूचं क्षेत्रफळ वाढलं, शेपटी मात्र एफ.4 चीच गोलसर राहिली. दिशास्थैर्य कमी होणारच. एफ.8 या पुढच्या लढाऊ मीटियरला नवी चौकोनी शेपटी दिली, तिथे वागणूक सुधारली. मार्टिन-बेकर कंपनीने इजेक्शन सीटच्या (वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या सीटच्या) चाचण्यांसाठी वापरलेल्या मीटियरला टी.7 चं पुढचं अंग आणि एफ.8 ची शेपटी आहे. हा जोड बरंच काही सांगतो.

आणि टी.7 मध्ये इजेक्शन सीट नव्हती. कॅनॉपी हाताने उघडून 1000 फुटांवरून बाहेर पडणं अशक्यच. जागा दोन असल्यामुळे एका चुकीत बहुतेक वेळा दोन जीव जायचे.

प्रश्नकर्ता

धन्यवाद, आता उलगडलं. पण मग चाकं सोडताना एअरब्रेक बाहेर राहायचेच कसे?

उत्तर 3

घाईमुळे. मीटियर अंगाने गुळगुळीत. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानात थ्रॉटल मागे घेतला की प्रोपेलरच ब्रेक लावतो, इथे तसं काही नाही. धावपट्टीवरून वेगात येऊन वळायचं आणि चाकांच्या मर्यादेपर्यंत वेग उतरवायचा, तर एअरब्रेक लागतातच. थ्रॉटल पार मागे घेणंही परवडत नाही, कारण मीटियरचं डर्वेंट इंजिन आयडलवरून (सर्वांत कमी वेगावरून) वर यायला बराच वेळ घेतं. मग पॉवर थोडी ठेवून एअरब्रेकवरच वेग मारायची सवय लागते. त्यात इंधन जेमतेम तासाभराचं, तेव्हा सर्किट आटपायची ओढ असतेच. वेग उतरतोय म्हणून हात चाकांच्या लिव्हरकडे जातो आणि एअरब्रेक विसरतात.

म्हणून उतरण्याआधीच्या तपासणीत पहिली ओळ ‘एअरब्रेक आत’ अशी आहे. क्रम असा: एअरब्रेक आत, ते खरंच मिटले याची खात्री, वेग मर्यादेखाली, मग चाकं. दोन्ही पाय लॉक होईपर्यंत विमान सरळ ठेवायचं, रडर मध्यभागी आणि वळण घ्यायचं नाही. वळणात चाकं सोडली तर यॉ आधीपासूनच असतो आणि पायांचा पुढेमागेपणा त्यात भर घालतो.

हे फक्त नवशिक्यांचं दुखणं नव्हतं. 30 मे 1988 ला कॉव्हेंट्रीच्या हवाई प्रदर्शनात रॉयल एअर फोर्सच्या ‘व्हिंटेज पेअर’ या जुन्या विमानांच्या प्रदर्शन-जोडीतली टी.7 कोसळून वैमानिक गेला. तिथेही कारण म्हणून फँटम डाइव्हचंच नाव घेतलं जातं.

उत्तर 4

वरचं सगळं पटतं, पण आकडे बघताना दुसरा मारेकरी विसरू नका. रॉयल एअर फोर्सने सेवेत 890 मीटियर गमावली, त्यातली 145 एकट्या 1953 साली, आणि सुमारे 450 वैमानिक मेले. यात कमकुवत ब्रेक आहेत, चाकांचे बिघाड आहेत, संपलेलं इंधन आहे आणि एका इंजिनावर उतरण्याचा सरावही आहे.

इंजिनं धडापासून लांब, प्रत्येकाचा जोर 3500 पौंड. एक बंद असताना कमी वेगात दुसऱ्याला पूर्ण पॉवर दिली की रडर पुरत नाही, विमान वळतं आणि उलटं होतं. रडरही इतकं जड की पाय गुडघ्यात ताठ करून धरावा लागे. त्यामुळे फसलेल्या अप्रोचमधून (धावपट्टीकडे उतरत येण्यातून) पुन्हा वर जायचं की नाही, हे उंची आणि वेग हातात असतानाच ठरवायला हवं. पूर्ण फ्लॅप (उतरताना पंखामागून खाली येणाऱ्या पट्ट्या) टाकून वेग उतरवला की परतीचा रस्ता बंद, मग उतरायचंच, धावपट्टी थोडी चुकली तरी. शिवाय रडरचा ट्रिम (रडर एका बाजूला धरून ठेवणारी जुळणी) मध्यावर आणायला विसरलात तर टेकताना थ्रॉटल मिटताच विमान उलट्या बाजूला ओढतं.

आपल्या वायुदलाच्या स्क्वॉड्रनमध्ये त्या काळी मीटियर नव्हतं, व्हॅम्पायर होतं. त्याचं इंजिन एकच, म्हणून एका इंजिनावर उतरण्याच्या या दुसऱ्या प्रकाराच्या तुलनेत त्याच्या अपघातांच्या नोंदी मिसळू नका.