वीज गेल्यावरही बोर्ड अर्धवट जागा राहतो: अ‍ॅनालॉग पिनचे संरक्षण कसे करावे?

प्रश्न – अंबड, जि. जालना

नमस्कार. मोसंबीच्या बागेसाठी आम्ही शेततळ्यावर एक नियंत्रक बसवला आहे. त्यातील अ‍ॅटमेगा ३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते आणि तिला विजेच्या अ‍ॅडॉप्टरमधून ५ व्होल्ट मिळतात. तळ्यात सोडलेला पाणीपातळीचा सेन्सर मात्र सौर पॅनेलवर चार्ज होणाऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. तो पातळीनुसार ०.५ ते ४.५ व्होल्ट देतो आणि त्याची वायर थेट ए० पिनला जोडलेली आहे. बॅटरीचे व्होल्टेज २२ किलोओहम आणि १० किलोओहमच्या विभाजकातून (व्होल्टेज ठरावीक प्रमाणात कमी करणारी दोन रेझिस्टरची जोडी) ए१ पिनवर मोजतो.

फीडरची वीज गेली की बोर्डावरचा एलईडी पूर्ण विझत नाही, मंद तेवत राहतो. आणि वीज परतल्यावर पुष्कळदा प्रोग्रॅम सुरूच होत नाही. रात्रीच्या पाळीची वीज आली की कोणाला तरी उठून सेन्सरची वायर काढून परत लावावी लागते. तळे भरलेले असतानाच हे घडते. पाणी तळ गाठू लागले की तक्रार उरत नाही. मला १२ व्होल्टच्या विभाजकाचा संशय आहे. चिप कायमची निकामी होण्याआधी काय करावे?

उत्तर – लातूर

दोन्ही पिनांवर जमिनीकडे (ग्राउंड, म्हणजे सर्किटची शून्य व्होल्टची वायर) ५.१ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर गेले की वाहू लागणारा डायोड) आणि ५ व्होल्टच्या पुरवठ्याकडे शॉटकी डायोड (कमी व्होल्टेजवरच वाहू लागणारा डायोड) लावून पाहा. जास्तीचे व्होल्टेज तिथेच अडेल.

उत्तर – छत्रपती संभाजीनगर

लातूरच्या मित्रांचा उपाय चालू बोर्डासाठी योग्य आहे, पण येथे तो लागू पडणार नाही. डेटाशीटप्रमाणे (चिपच्या उत्पादकाचे माहितीपत्रक) पिनवरचे व्होल्टेज पुरवठ्यापेक्षा ०.५ व्होल्टहून जास्त होता कामा नये. पुरवठाच शून्य झाला, तर ही मर्यादा ०.५ व्होल्टवर येते. मग पिनवरचे ४.५ व्होल्ट, जे एरवी पूर्णपणे निर्धोक असतात, तेच धोक्याचे ठरतात, आणि ५.१ व्होल्टच्या झेनरला ते जाणवतसुद्धा नाहीत. शॉटकी डायोड चिपच्या आतल्या, पिनपासून पुरवठ्याकडे जाणाऱ्या संरक्षक डायोडचा भार हलका करेल, पण विद्युतप्रवाह शेवटी त्याच ५ व्होल्टच्या पुरवठ्यात सोडेल, म्हणजे मूळ दुखणे तसेच राहील. शिवाय पत्र्याखालच्या डब्यात मे महिन्याच्या उन्हात शॉटकीची गळती बरीच वाढते; १० किलोओहममागे २ मायक्रोअँपिअर गळती म्हणजे २० मिलिव्होल्टची चूक, म्हणजे चिपच्या ० ते १०२३ या मोजणीत सुमारे ४ने फरक.

तळे भरलेले असतानाच त्रास होतो, या तुमच्या निरीक्षणात उत्तर आहे. विभाजकातून बंद बोर्डात जास्तीत जास्त (चार्ज होणाऱ्या बॅटरीचे १४.४ – डायोडवर पडणारे ०.७) भागिले २२ किलोओहम, म्हणजे साधारण ०.६ मिलिअँपिअर जातो. त्यात पाण्याच्या पातळीचा काही संबंध नाही. खरा दोषी सेन्सर आहे. त्याच्या वायरीत एकही रेझिस्टर नसल्याने त्याचा अ‍ॅम्प्लिफायर पिनमधल्या संरक्षक डायोडवाटे सगळ्या बोर्डाला वीज पुरवू लागतो. चिपचा पुरवठा शून्यावर येतच नाही, ती अपुऱ्या व्होल्टेजवर भरकटते, आणि वीज परतल्यावर तिच्या दृष्टीने पुरवठा कधी गेलेलाच नसल्यामुळे ती रीसेट होत नाही.

सेन्सरच्या वायरीत १० किलोओहम घाला आणि पिनजवळ जमिनीकडे १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्या. मग प्रवाह ०.४ मिलिअँपिअरच्या आसपास राहील. पाण्याची पातळी सावकाश बदलते, त्यामुळे मापनाला बाधा येत नाही. मात्र एवढ्यावर थांबू नका: दोन्ही वाटांनी मिळून १ मिलिअँपिअर अजून येतोच, आणि त्याला वाट दिली नाही तर तो पुरवठा पुन्हा वर चढवू शकतो. म्हणून ५ व्होल्ट आणि जमीन यांच्यामध्ये ४७० ओहम लावा. बंद अवस्थेत पुरवठा अर्ध्या व्होल्टखाली राहील; चालू असताना हा रेझिस्टर सुमारे ११ मिलिअँपिअर घेईल, ते अ‍ॅडॉप्टरला जड नाही. ब्राउन-आउटची पातळी (ज्या व्होल्टेजखाली चिप स्वतःला रीसेटमध्ये ठेवते) ४.३ व्होल्टवर ठेवायला विसरू नका.

प्रश्नकर्ता – अंबड

मनापासून आभार. अ‍ॅडॉप्टर काढून ५ व्होल्टच्या पिनवर मीटर लावला, तेव्हा ३.४ व्होल्ट दिसले. ए० ची वायर काढताच ते अर्ध्या व्होल्टच्या खाली आले. माझा संशय चुकीचा होता. बोर्ड बंद असताना सेन्सरची १२ व्होल्टची वीजच तोडली तर अधिक चांगले होईल का?

उत्तर – नांदेड

होय, मला तोच उपाय सर्वांत पक्का वाटतो. पी-चॅनेल मॉसफेट (१२ व्होल्टची वाट उघड-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) सेन्सर आणि विभाजक या दोघांच्याही आधी ठेवा, आणि त्याचे गेट (त्याला चालू-बंद करणारी पिन) एका एनपीएन ट्रान्झिस्टरने खाली ओढा, ज्याच्या बेसला (त्याच्या नियंत्रण-पिनला) ५ व्होल्टमधून चालना मिळेल. पण येथे एक फसवा डाव आहे. सेन्सरच्या वायरीतला १० किलोओहम आणि ४७० ओहम काढून टाकले, तर वीज गेल्यावर सेन्सर बोर्डाला ३.४ व्होल्ट देईल, त्यावर ट्रान्झिस्टर चालू राहील, आणि तो सेन्सरला चालू ठेवेल. हे वर्तुळ बॅटरी उतरेपर्यंत तुटणार नाही. म्हणून ते दोन्ही ठेवाच, आणि बेसला थेट न जोडता १०-१० किलोओहमचा विभाजक द्या, म्हणजे पुरवठा साधारण १.२ व्होल्टखाली येताच ट्रान्झिस्टर सुटेल. शॉटकी मात्र यात कुठेच लागत नाही.