येशूला "थोर संत" म्हटलं की ख्रिस्ती माणसाचं समाधान का होत नाही?

टिळकवाडीकर (धागा सुरू करणारे)

डिसेंबर आला की शहरात फलक लागतात, "थोर संत येशू ख्रिस्त यांना विनम्र अभिवादन". लावणाऱ्यांच्या मनातल्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, त्यांचे आभारच. पण मी मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) घरातला, मराठी आराधनेत वाढलेला माणूस आहे आणि हे एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. आम्ही येशूला संत मानत नाही. संत देवाची वाट दाखवतो. आमचा विश्वास असा आहे की येशूच्या रूपानं देव स्वतः ती वाट चालून माणसाकडे आला.

येशू पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूस आहे. निम्मा हा, निम्मा तो, असं नाही. तो मरियेच्या पोटी जन्मला, नासरेथात सुतारकाम केलं, त्याला तहान लागली, मित्र लाजराच्या कबरेपाशी तो रडला, रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या हुकमानं क्रुसावर मेला. यातलं काहीही नाटक नव्हतं. आणि तोच येशू कफर्णहूमच्या त्या घरात छप्पर उकलून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाला म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. समोर बसलेले शास्त्री मनात म्हणतात, एका देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. संत असता तर "देव तुला क्षमा करो" म्हणाला असता. येशू तसं म्हणत नाही, स्वतःच्या अधिकारानं क्षमा करतो. मार्काच्या शुभवर्तमानात (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकात), दुसऱ्या अध्यायात हा प्रसंग आहे.

ही श्रद्धा कुठल्या लोकांत उभी राहिली तेही बघा. येशूचे पहिले अनुयायी सगळे यहुदी. देव एकच आहे हे रोज म्हणणारे. माणसाला देव म्हणणं हा त्यांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा अपराध. लुस्त्र गावात लोकांनी येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या बर्णबाला झ्यूस आणि पौलाला हर्मेस (ग्रीक देव) म्हणून बैल कापायला आणले, तेव्हा त्या दोघांनी अंगावरचे कपडे फाडले आणि ओरडून सांगितलं की आम्ही तुमच्यासारखीच माणसं. उलट शिष्य थोमा येशूला "माझा प्रभू व माझा देव" म्हणतो तेव्हा येशू त्याला थांबवत नाही.

आपल्या गावाचंच उदाहरण घ्या. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले, १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळात घर, जात, सगळं तुटायचं. येशूची नुसती नीती पटली असती तर एवढं मोजायची गरज नव्हती. पुढे प्रार्थना समाजातल्या मंडळींनी येशूच्या शिकवणीचा मान राखला आणि आपापल्या जातीतही राहिली. पदमनजींना येशूत शिकवणीपेक्षा जास्त काहीतरी दिसलं.

निपाणीकर

सर, तुमची कळकळ पोचली. पण इतिहासाचं काय? येशूचं देवपण ३२५ साली नायसियाच्या परिषदेत ठरलं. बोलावणारा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन. त्याला साम्राज्य एकसंध ठेवायचं होतं. एरियस नावाच्या धर्मगुरूनं वेगळं मत मांडलं, त्याला हद्दपार केलं. गालीलातल्या एका ज्यू गुरूला बिशपांनी आणि राजसत्तेनं मिळून देव केलं, असं मी म्हणतो.

मार्काचं शुभवर्तमान सगळ्यात जुनं मानतात. त्यात एकजण येशूला "उत्तम गुरुजी" म्हणतो तेव्हा तो विचारतो, मला उत्तम का म्हणतोस? एका देवाशिवाय कोणी उत्तम नाही. ही स्वतःला देव समजणाऱ्याची भाषा वाटते का? "मी आणि पिता एक आहोत" वगैरे मोठी वाक्यं आहेत ती योहानात, सगळ्यात उशिरा लिहिलेल्या शुभवर्तमानात. वर्षं गेली तसा माणूस मोठा होत गेला, हे आपल्याकडच्या महापुरुषांचंही होतंच.

१९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते गांधीजी. गिरिप्रवचनावर, येशूनं डोंगरावर दिलेल्या शिकवणीवर, त्यांचा केवढा जीव होता. पण येशू हाच देवाचा एकमेव पुत्र, हे त्यांना कधी पटलं नाही आणि त्यांनी ते लपवलंही नाही. गांधीजींना येशू कळला नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?

टिळकवाडीकर

गांधीजींना गिरिप्रवचन फार खोलवर कळलं होतं. पण त्याच प्रवचनात, मत्तयाच्या सातव्या अध्यायात, येशू म्हणतो की शेवटच्या दिवशी लोक मला "प्रभू, प्रभू" म्हणतील आणि त्यांना आत घ्यायचं की नाही हे मी सांगेन. जगाचा न्याय स्वतःकडे घेणारा हा बोलणारा कोण, हा प्रश्न गिरिप्रवचनातून वेगळा काढता येत नाही. शिकवण ठेवून शिकवणाऱ्याचा दावा बाजूला सारायचा झाला तर ते प्रवचनसुद्धा अर्धं कापावं लागतं.

आता नायसिया. तिथे येशू माणूस की देव असा वादच नव्हता. खुद्द एरियस त्याला साध्या माणसापेक्षा फार वर मानत होता. जग त्याच्याकरवी निर्माण झालं, सगळ्या सृष्टीच्या आधीचा तो, पण देवानं निर्माण केलेला, असं त्याचं म्हणणं. वाद होता तो येशू निर्माण केलेला की पित्यासारखाच अनादि, याचा.

सम्राटानं लादलं म्हणता, तर पुढचंही सांगा. कॉन्स्टंटाइननं मरताना ३३७ साली बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या बाजूच्या बिशपाकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस एरियसच्याच पक्षाला झुकता. नायसियाची बाजू लढवणाऱ्या अथानासियसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. सत्तेचं वजन कितीतरी वर्षं दुसऱ्या पारड्यात होतं आणि तरीही नायसियाचा मतांगीकार (तिथे ठरलेली विश्वासाची कबुली) टिकला.

आणि नायसियाच्याही दोनशे वर्षं आधीचा पुरावा आहे, तोही ख्रिस्ती नसलेल्या माणसाचा. साधारण ११२ सालच्या सुमारास बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला पत्रात कळवतो की ही माणसं ठरलेल्या दिवशी पहाट होण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र म्हणतात. नायसिया शहर याच बिथिनियात! त्याहून मागे जायचं तर पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र आहे. येशूच्या मरणानंतर तीस-पस्तीस वर्षांच्या आतलं, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्काच्याही आधीचं. त्यात तो देवाच्या स्वरूपाचा असूनही त्यानं स्वतःला रिक्त केलं आणि दासाचं रूप घेतलं, असं लिहिलंय. वर्षं गेली तसा मोठा होत गेला हे गणित इथे बसत नाही. सगळ्यात मोठा दावा सगळ्यात जुन्या कागदांत आहे.

हिंडलग्याचा माळकरी

अण्णा, तुमचं सगळं वाचलं. मला एवढंच कळंना की अवतार म्हणायला तुमची जीभ का अडखळतीय? देव माणूस होऊन येतोय हे आम्हाला कुणी नव्यानं सांगायला नको. "संभवामि युगे युगे" लहानपणापासून म्हणतोय. फादर स्टीफन्सनी चारशे वर्षांमागं, १६१६ साली, येशूची कथा ओवीत बांधली. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडं आलो. मग आम्ही येशूला अवतार म्हणून हात जोडले तर तुम्हाला का रुचत नाही? आमच्या देव्हाऱ्यात जागा हाय त्याला. एकच खरा आणि बाकीचे नव्हंत, हा हट्ट मला खुपतोय. प्रेमाचा देव असा हट्ट धरंल?

टिळकवाडीकर

माळकरी मामा, हात जोडलेले मला रुचत नाहीत असं कधीच नाही. अवताराची कल्पना आपल्या मातीत आहे म्हणून तर इथल्या माणसाला "देव देही झाला" हे ऐकून धक्का बसत नाही. ग्रीक तत्त्वज्ञांना तो बसला होता.

पण दोन ठिकाणी वाट फुटते. गीतेतल्या त्याच श्लोकात आधी "विनाशाय च दुष्कृताम्" आहे. येशू दुष्कृत्यं करणाऱ्यांचा नाश करायला आला नाही, त्यांच्या वाटचं मरण त्यानं आपल्या अंगावर घेतलं. दुसरं असं की आमच्या विश्वासाप्रमाणे त्यानं घेतलेलं माणूसपण परत टाकलं नाही. मरणातून उठल्यावरही हातांवर खिळ्यांचे व्रण होते, थोमाला दाखवले ते तेच. आजही तो माणूस आहे, कायमचा. काम झालं आणि देह ठेवला, असं नाही. एकदाच, एका देशात, एका रोमन सुभेदाराच्या कारकिर्दीत, आणि नंतर कधीही मागे न घेता. "एकच" हा शब्द आम्ही या अर्थानं धरतो. जे एकदा पूर्ण दिलं ते पुन्हा पुन्हा द्यावं लागत नाही.

कॅम्पातला शेजारी

मी मुसलमान. आमच्या बाजूनं थोडं. हजरत ईसा अलैहिस्सलाम आम्हाला फार मोठे पैगंबर. बीबी मरियमच्या नावाची अख्खी सूरा कुरआनात आहे. बापाविना त्यांचा जन्म झाला हे आम्ही मानतो, त्यांना मसीह म्हणतो, ते परत येतील हेही मानतो. पण अल्लाहनं कुणाला जन्म दिला नाही आणि त्याला कुणी जन्म दिला नाही. पैगंबराला देवाच्या जागी बसवलं की देवाचं एकपण मोडलं. टिळकवाडीकर, तुम्ही म्हणता पहिले अनुयायी एकच देव मानणारे होते. मग त्यांनी ते एकपण सांभाळायला नको होतं का?

खानापूरची लेक

मी कॅथलिक, घरात कोकणी आणि मराठी दोन्ही. टिळकवाडीकर अण्णा, तुमचं एक अक्षर खोटं नाही, रविवारी मिस्सेत आम्ही तोच मतांगीकार म्हणतो. तरीपण त्या फलकावरून सुरुवात केलीत ते मला आवडलं नाही. आमच्याकडे क्रुसापाशी मेणबत्ती लावायला येणाऱ्या कितीतरी बायका ख्रिस्ती नाहीत. पोर आजारी, नवरा पितो, असलं काहीतरी घेऊन येतात. त्यांना ३२५ साल ठाऊक नाही. पण मागतात ते देवाकडे मागावं तसं. शुभवर्तमानात रक्तस्रावानं बारा वर्षं पिडलेली बाई येशूच्या वस्त्राला नुसती शिवते, तेव्हा येशू तिची परीक्षा घेत नाही. तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं, म्हणतो. येशू कोण हे नीट सांगायलाच हवं, पण आधी शिवू तर द्या लोकांना.

आणि शेजारीभाऊ, देवाचं एकपण आम्हीही सोडलेलं नाही. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे तीन देव नव्हेत. जन्म म्हणजे शरीरानं दिलेला जन्म, असं आमचंही म्हणणं नाही. तसं कुणी म्हणालं तर चर्चही त्याला चूकच म्हणेल.

निपाणीकर

प्लिनीचा मुद्दा वजनदार आहे. पण तो लोक काय मानत होते ते सांगतो, येशू कोण होता ते नाही. माझा प्रश्न राहतोच. मार्क १३:३२ मध्ये येशू म्हणतो, तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही माहीत नाही, फक्त पित्याला. ज्याला माहीत नाही तो देव कसा? ४५१ साली कॅल्सेडोनच्या परिषदेत "दोन स्वभाव, एक व्यक्ती" असं सूत्र बनवलं. मला ती पळवाट वाटते. अडचणीचं वाक्य आलं की माणूसपणाकडे ढकलायचं, चमत्कार आला की देवपणाकडे.

टिळकवाडीकर

खानापूरच्या अक्कांनी सांगितलेली ती बाई मला मान्य आहे. पण बरं झाल्यावर येशूनं तिला गर्दीतून पुढे बोलावलं, तिच्याशी समोरासमोर बोलला. शिवणं आणि ओळख, दोन्ही त्याच गोष्टीत आहे. फलकाबद्दल मी लिहिलं ते त्या ओळखीसाठीच.

निपाणीकर, ढकलाढकली होत असेल तर ती चूकच, आणि कॅल्सेडोननं नेमकी तीच नाकारली. एक जण रडला आणि दुसऱ्यानं मेलेल्या लाजराला उठवलं, असं म्हणायची सोय तिथे ठेवलेली नाही. रडला तोच उठवणारा. तो दिवस न जाणणारा येशू मला अडचणीचा वाटत नाही, कारण पौलानं लिहिलेलं रिक्त होणं खरं असेल तर ते असंच दिसायला हवं. सगळं ठाऊक असून माणसाचं सोंग घेतलेला देव मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत घाम गाळत "हा प्याला माझ्यावरून टळून जाऊ दे" म्हणाला असता, तर ती प्रार्थना खोटी ठरली असती. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीनं लिहिलं की आपल्यातलं जे त्यानं घेतलं नाही ते बरंही झालं नाही. पुढचं न दिसण्याची भीती हे माणसाचं मोठं दुखणं. तेही त्यानं घेतलं असं आम्ही मानतो. तुम्हाला त्यात देव कमी झालेला दिसतो. मला त्यात देव माझ्यापर्यंत पोचलेला दिसतो, आणि इथे तुमचं-माझं पटत नाही.